परतीची रिकामी गाडी

"थांबा... थांबा हो!"

पुलाच्या पायऱ्यांवरून तो ओरडला आणि तेवढ्यात मुख्य मार्गाची गाडी फलाट सोडून गेली. त्याचा हात धरून त्याचे वडील एकेक पायरी उतरत होते. दोघं माझ्याच बाकावर येऊन टेकले.

"हे वेळापत्रक कोणी केलंय, एकदा भेटायलाच हवं त्याला," तो म्हणाला.

"भेटलात की," मी म्हटलं. "मीच केलंय."

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. वडील मात्र खो खो हसले. "घे! आता बोल!"

शाखामार्गाची गाडी आली, की पूल ओलांडून मुख्य गाडी पकडायला आम्ही चार मिनिटं धरतो. ती चार मिनिटं तरण्या पायांची असतात, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

मग प्रवासी मोजायच्या निमित्ताने मी रोज तिथे जाऊ लागले. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं; घर पुढच्याच स्टेशनला लागून. वडिलांना गुडघ्याच्या व्यायामाला नेऊन आणायचा. रोज त्यांची गाडी चुकायची आणि पुढची येईपर्यंत आमच्या गप्पा रंगायच्या. "चष्मा वाकडा बसतोय तुमचा," म्हणत एकदा त्याने तो माझ्या नाकावरून अलगद काढला, दांडी सरळ केली, पुन्हा चढवला... घरी गेल्यावर किती तरी वेळ मी तो काढलाच नाही. घरी तरी कोण होतं विचारायला? एकटीसाठी स्वयंपाक करायचाही मला कंटाळा यायचा.

मुख्य गाडीची वेळ थोडी पुढे ढकलायचा प्रस्ताव मीच मांडला. साहेबांनी मान्य केला, पण म्हणाले, "ती संध्याकाळची, मुख्य मार्गावरून इकडे येणारी परतीची गाडी काढून टाका. रिकामीच धावते."

"राहू द्या ना, साहेब. परतणारं कोणी तरी असेलच."

"बरं, महिनाभर. प्रवासी दाखवा मला."

बातमी ऐकून वडील खूश झाले. त्याने मात्र बाकावरून हात फिरवला.

"म्हणजे आता... इथे थांबावं लागणार नाही?"

"नाही."

"फार चांगलं काम केलंत," तो पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला.

नव्या वेळेच्या पहिल्या दिवशी दोघं सावकाश पायऱ्या उतरले आणि गाडीत चढले. वडिलांनी खिडकीतून हात हलवला. तो त्यांना बसवण्यात गुंतला होता – त्याने पाहिलंही नाही. गाडी गेली. माझं काम चोख झालं होतं आणि मला रडू येत होतं. मी तशीच बसून राहिले. उठून जायचं तरी कुठे?

बऱ्याच वेळाने समोरच्या फलाटावर परतीची गाडी आली. नेहमीसारखी रिकामी. दारं उघडली... आणि तो उतरला. पूल धावत ओलांडून आला.

"बाबांना घरी पोचवलं," तो धापा टाकत म्हणाला. "त्यांनीच पिटाळलं. म्हणाले, जा, ती बसली असेल."

"आणि मी गेले असते तर?"

"उद्या आलो असतो. परवाही..." तो अडखळला. "तुम्ही मला फार आवडता. रोज सांगणार होतो, पण दर वेळी पुढची गाडी यायची."

मी चष्मा नीट केला. "साहेबांना या गाडीचे प्रवासी दाखवायचेत. किती सांगू?"

तो माझ्याशेजारी बसला.

"एक," तो म्हणाला. "पण रोजचा."