हिरवं पाकीट

दुपारी साडेबारा वाजता चौथ्या मजल्यावरचे दिवे बंद झाले, आणि पेइचुनच्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये काहीतरी वाजलं.

खट्ट...

पटणार नाही, ठाऊक आहे. पण हे शिन्चूमध्ये घडलं, मी जिथे बारा वर्षं नोकरी करतोय त्याच इमारतीत. पेइचुन माझ्या वरच्या मजल्यावर बसते. तिने जे सांगितलं तेवढंच लिहितोय.

तैवानमधल्या ऑफिसांत जेवण झालं की दिवे मालवतात. सगळे टेबलावर उशी ठेवून अर्धा तास डुलकी काढतात. ती तीच वेळ होती. महिना चांद्र पंचांगातला सातवा, भटक्या मृतांचा.

पेइचुनचं काम मेमरी चिपा तपासण्याचं. चिपेतला प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो, मग तो झिजतो. आणि नुसती पडून राहिली तरी आतली नोंद हळूहळू विरते. ही झीज आणि ही विस्मृती कशी थांबवायची, यावर तिचा पगार.

पण तिच्या ड्रॉवरमध्ये कंपनीचं काही नव्हतं. तिथे एक मेमरी कार्ड होतं. तिच्या धाकट्या भावाचं... बोयूचं.

गेल्या वर्षी घाटात त्याची स्कूटर घसरली आणि तो गेला. पोलिसांनी परत दिलेल्या, त्याच्या स्कूटरवरच्या कॅमेऱ्यात हे कार्ड होतं. शेवटच्या तुकड्यात तो हेल्मेटमधून बहिणीशी फोनवर बोलतोय. "ताई, भात लाव. मांसाच्या गोळ्यांचं सूप घेऊन येतोय."

बस, एवढंच.

दर रविवारी आईला तेवढंच ऐकायचं असे.

पेइचुनने त्याची कॉपी करून पाहिली होती. कॉपीत रस्ता होता, वारा होता, मागच्या ट्रकचा हॉर्न होता. बोयूचा आवाज नव्हता. कितीही वेळा केली तरी नव्हता. म्हणून मूळ कार्डच जपायचं. कार्डाच्या कडेची लहानशी खिट्टी तिने लावून ठेवली होती. ती लावली की कार्डावर नवं काही लिहिलं जात नाही.

दिवे लागल्यावर तिने गळ्यातल्या किल्लीने ड्रॉवर उघडला.

खिट्टी उघडी होती.

तिने कार्ड मशीनला लावलं. कार्डाचं उरलेलं आयुष्य सकाळी सात टक्के होतं. आता सहा.

बोयूच्या प्रवासाचे कार्डावर चार तुकडे होते. सर्वांत जुना, शहरातल्या चौकाचा, गेला होता. अशी कार्डं भरली की कॅमेरे जुनं पुसून त्यावर नवं लिहितात. त्याच्या जागी एक नवा तुकडा होता. तारीख आजची. वेळ... बारा वाजून एक्केचाळीस.

कॅमेऱ्याविना, विजेविना, बंद ड्रॉवरमध्ये.

तिने इअरफोन लावले. चित्र काळं. आधी एसीची घरघर. मग एक घोरणं, शेवटी बारीक शिट्टी. ते ओळखीचं होतं. शेजारच्या टेबलावरचा तेंग असाच घोरतो.

आणि मग अगदी जवळून...

कुर्रम... कुर्रम...

कोणीतरी खात होतं.

तिची नजर ड्रॉवरवर ठेवलेल्या हिरव्या पाकिटाकडे गेली.

ही इथली जुनी रीत. मशीन बिघडू नये म्हणून त्यावर नारळाच्या चवीच्या कुरकुरीत कांड्यांचं पाकीट ठेवायचं. हिरवंच, कारण मशीनचा हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. त्याच सकाळी तिने ते ठेवलं तेव्हा तेंगने चिडवलं होतं, "वा! आता ड्रॉवरलाही लाच?"

तिने पाकीट उचललं.

शिवण शाबूत. हवा भरलेली. पण वजन नव्हतं. हलवलं तर आत काहीच वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने झोपायचं नाही असं ठरवलं. अंधारात डोळे उघडे ठेवून बसली. तरी कधी डोळा लागला, कळलं नाही.

खट्ट...

पुलावरचा तुकडा गेला. पाच टक्के. नव्या तुकड्यात तेच खाणं, आणि आता शेजारी कोणाचातरी श्वास. झोपलेल्या माणसाचा.

तो तिचा स्वतःचा होता.

उरले दोन. घाटाचा पायथा, आणि बोयूचं बोलणं.

तिने सुमेइताईंना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्या मजल्यावरच्या सर्वांत जुन्या. या महिन्यात कंपनीच्या फाटकासमोर भटक्या मृतांसाठी पूजेच्या जेवणाची टेबलं मांडली जातात, ती त्याच मांडतात. त्यांनी पाकीट फिरवून पाहिलं. वरच्या कडेला, शिवणीच्या बाहेर, एक बारीक भोक होतं, भोवती करपलेलं.

"हे पूजेतलं ना गं?"

"हो. नंतर सगळेच घेतात की, ताई."

"नंतर घेतात. तू कधी घेतलंस?"

त्या सकाळी तिला मीटिंग होती. फाटकासमोरच्या टेबलावर, पाकिटाच्या कडेत खोचलेली उदबत्ती अजून जळत होती. तिने ती उपटून शेजारच्या पाकिटात खोचली, आणि हे घेऊन वर आली.

"अगं बाई! उदबत्ती विझेपर्यंत त्यांचं जेवण चालू असतं. तू जेवणाऱ्याच्या पुढ्यातून ताट उचललंस. मग तो ताटामागे येणार नाही तर काय करेल?"

शेजारी ऐकत बसलेला तेंग हसायला लागला. "म्हणजे चौथ्या मजल्यावर एक माणूस वाढला. हजेरी लावतो का त्याची?"

"तू घोरणं बंद कर आधी," सुमेइताई म्हणाल्या. "ते त्याच्याकडे नोंदलंय."

तेंगचं हसू थांबलं.

"आज संध्याकाळी पाकीट फाटकात जाळ. माफी माग. नवं ताट ठेव."

"पण ताई..." पेइचुनचा आवाज खाली गेला. "तो बोयू असला तर?"

सुमेइताईंनी पाकीट तिच्या हातात परत ठेवलं.

त्या संध्याकाळी पेइचुन पाकीट घेऊन फाटकापर्यंत गेली. काडी पेटवली. विझवली.

पाकीट परत आणून ड्रॉवरवर ठेवलं.

दुसऱ्या दुपारी खट्ट झालं. घाटाचा पायथा गेला. चार टक्के. आता मात्र ती धावत खाली गेली आणि पाकीट जाळलं. नवं ताट मांडलं, उदबत्ती पूर्ण विझेपर्यंत उभी राहिली. वर येऊन खिट्टीवर गोंदाचा थेंब टाकला. त्यानंतर ड्रॉवर वाजला नाही. महिना संपला.

रविवारी ती आईकडे गेली. आई डोळे मिटून ऐकायला बसली. रस्ता, वारा, ट्रकचा हॉर्न. मग बोयू.

"ताई, भात लाव..."

आईने डोळे उघडले. चेहरा वर्षभरात पहिल्यांदा सैल पडला होता.

"आज काहीतरी खात खात बोलतोय गं. ऐकलंस? पोटभर खातोय माझं पोर."

पेइचुनने ऐकलं होतं.

तिने कार्ड काढलं. खिट्टीवरचा गोंद तसाच होता. तुकड्याची तारीख पाहिली. अपघाताच्या दिवसाची नव्हती. पाकीट जाळलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती, दुपारची.

आयुष्य तीन टक्के.

आईने पुढच्या रविवारी पुन्हा ऐकवायला सांगितलंय. आणि बोयूसाठी एक वाटी भात लावून ठेवायलाही.