ट्रायपॉडची शेकोटी

ध्रुवीय प्रकाश किती उंचावर पेटतो हे मोजायचं, एवढ्यासाठी आम्ही ते गोठलेलं सरोवर ओलांडत होतो. एक कॅमेरा तळावर होता, दुसरा आमच्या घसरगाडीवर. दोन डोळ्यांमुळे अंतर कळतं, तशी दोन ठिकाणांच्या फोटोंवरून उंची कळते; फक्त दोन्हीकडून फोटो एकाच क्षणी निघायला हवा होता. मोहीम ताईची. भाऊजी हौसेने आलेले. मी मेकॅनिक, म्हणजे हमाल.

दुपार होती, तरी मिट्ट काळोख. तिथे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही.

"परवा सूर्यावर मोठा स्फोट झालाय," चहा ओतताना ताई म्हणाली. "त्यातून निघालेला कणांचा लोंढा आज पोचेल. पृथ्वीचं चुंबकीय कवच हादरेल. मग ध्रुवांकडे वळलेले कण वरच्या हवेवर आदळतात आणि ती हवा उजळते."

"म्हणजे साहेब घरी नाहीत, पण पार्सल पाठवतात," भाऊजी म्हणाले.

मग धुकं उतरलं. होकायंत्राची सुई सरकू लागली.

"हे तूच दुरुस्त केलं होतंस ना?" भाऊजींनी मला टोमणा मारला. सुई दाखवील तिकडे आम्ही चालत राहिलो. ती पुन्हा डोलली, तशी ताई ओरडली, "थांबा! होकायंत्र ठीक आहे. कण पोचलेत! तेच सुई हलवतायत. आपण नदीच्या मुखाकडे भरकटलोय, तिथे बर्फ पातळ…"

कड्!

भाऊजी छातीपर्यंत पाण्यात!

मी पालथा पडलो. घसरगाडीवरचा कॅमेऱ्याचा लाकडी ट्रायपॉड ओढून पुढे सरकवला. "धरा!" त्यांनी धरला. ताईने माझे पाय ओढले. पुन्हा कड्! एक हिसका, आणि भाऊजी वर आले. त्यांची पाठपिशवी बुडाली, आणि तिच्यातला स्टोव्हही.

जाड बर्फावर येऊन तंबू ठोकला. कोरडे कपडे होते, पण जाळायला काहीच नव्हतं. ताईने ट्रायपॉड मोडला आणि तंबूच्या दारात पेटवला. त्याच्याशिवाय कॅमेरा स्थिर राहणार नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

भाऊजींच्या पायांची बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. "शर्ट वर कर," ताईने मला फर्मावलं आणि ते गार पाय माझ्या पोटावर ठेवले.

"जावयाचा एवढा मान कुणी ठेवला नसेल," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. खरं तर मी घाबरलो होतो.

धुकं विरलं. दूर तळाचा दिवा दिसला, परतीची दिशा कळली. आणि वर! आभाळभर हिरवे पडदे लहरत होते!

"अगं, वर बघ. ज्यासाठी आलीस ते…" भाऊजी पुटपुटले.

"बोटं हलव," ताई म्हणाली. तिची नजर खालीच होती.

बराच वेळ गेला. मग माझ्या पोटाला गुदगुली झाली.

"हलला! अंगठा हलला!" मी ओरडलो.

तेव्हा कुठे ताईने डोळे पुसले आणि वर पाहिलं. हिरवा रंग विझत आला होता.

"सूर्य काय, पुन्हा पाठवेल," ती म्हणाली आणि भाऊजींना मोजे चढवू लागली.