सहा गुरुवारांचा अर्ज

बायको गेल्याचं कळलं तेव्हा खुर्चीवाल्याचे हात पाण्यात होते.

वेताची पट्टी विणायच्या आधी भिजवावी लागते. भिजली की ती मऊ होते, हवी तशी वळते. वाळली की ताठ होते आणि चिरते. त्या सकाळी बायको तपासणीसाठी हॉस्पिटलात गेली होती, सोबत तिची आई होती. "दुपारपर्यंत येतोच आम्ही," असं सांगून गेली होती. अकराच्या सुमारास शेजारचा घड्याळवाला दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. फोन त्याच्याकडे आला होता. त्याच्या उभं राहण्यावरूनच खुर्चीवाल्याला कळलं. त्यानं मान हलवली. हातातली ओळ शेवटच्या भोकापर्यंत विणली, टोकाला गाठ मारली, हात पुसले आणि मग उठला.

ती ओळ आपण का पूर्ण केली, हे त्याला कधी कळलं नाही. कुणाला त्यानं ते सांगितलंही नाही. तीन वर्षं तरी नाही.

सासूबाई त्याच्याकडेच राहिल्या. मुलगी गेल्यावर जावयाकडं कुणी राहतं का, असं नातेवाईक विचारायचे. त्या म्हणायच्या, "ह्याला चहा करता येत नाही आणि मला जिना चढवत नाही. तळमजल्यावर घर आहे ह्याचं. झालं समाधान?" दोन खोल्यांचं घर, पुढं दुकान. सकाळी तो वेत भिजत घालायचा, सासूबाई पट्ट्या जाडीप्रमाणे वेगळ्या करायच्या. रागात असल्या की त्या त्याला 'जावईबापू' म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या. एरवी अरे-तुरे.

दुकानाचा परवाना दर तीन वर्षांनी नवा करून घ्यावा लागे. अर्ज इंग्रजीत. तो नेहमी बायको भरायची, खुर्चीवाला फक्त दाखवलेल्या जागी सही करायचा. आता मुदत संपत आली तेव्हा त्यानं ट्रंकेतून मागच्या अर्जाची प्रत काढली, कोरा अर्ज शेजारी ठेवला आणि अक्षर अन् अक्षर उतरवून काढलं. इंग्रजी वाचता येत नसलं तरी नमुना बघून वीण उतरवायची त्याला सवय होती. दोन दिवस लागले. बायको एक अक्षर जरा लांब शेपटीचं काढायची, ती शेपटीसुद्धा त्यानं सोडली नाही.

खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"ही तारीख तीन वर्षांपूर्वीची आहे."

"असेल."

"आणि अर्ज भरून देणाऱ्याचं नाव, त्याखालची सही, हे सगळं बाईमाणसाचं. कोण ह्या?"

"माझी बायको."

"मग त्यांना घेऊन या ना."

खुर्चीवाला अर्जावरची ती सही बघत राहिला. कारकुनानं वर पाहिलं, आणि त्याला समजलं. त्यानं अर्ज हळूच परत सरकवला. "सहा आठवडे आहेत अजून," तो खालच्या आवाजात म्हणाला. "जिन्याखाली अर्जवाली बसते. तिच्याकडं जा. चांगली आहे."

अर्जवाली जिन्याखालच्या टेबलापाशी एका डुगडुगत्या स्टुलावर बसली होती. चाळिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, बोटाला शाई. वरून कुणी जिना उतरलं की टेबलावर धूळ पडे, आणि ती न बघताच फुंकर मारे. तिनं त्याचा अर्ज घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

"अक्षर कुणाचं हे?"

"तिचं. म्हणजे… हात माझा. अक्षर तिचं."

"सुंदर आहे."

"ती छानच काढायची."

"मी हाताबद्दल बोलतेय," ती म्हणाली आणि लगेच कागदात बघू लागली. "दहा मिनिटं बसा. नवा भरून देते."

तो बसला नाही. त्याचे कान अजून गरम होते. "दोन दिवस बसून काढलं हे सगळं," तो म्हणाला. "पण काय काढतोय, ते एक अक्षर कळत नव्हतं. भरून नको. शिकवाल का मला?"

"सहा आठवड्यांत?"

"गुरुवारी दुकान बंद असतं."

अर्जवालीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग अर्जाच्या अगदी वरच्या शब्दावर बोट ठेवलं. "हा सगळ्यात सुबक उतरवलाय. काय आहे सांगा?"

"नाही बुवा."

"रिन्यू. इथून सुरुवात. अर्थ सांगा पाहू."

"नवीन करणं."

"तिथंच चुकतात सगळे. नवीन घेणं वेगळं आणि रिन्यू करणं वेगळं. जे आहे, त्याची मुदत संपत आली, ते पुढं चालू ठेवायचं. परवाना, भाडेकरार, वाचनालयाचं कार्ड. वस्तू तीच, मुदत नवी."

"मग मी खुर्च्या रिन्यू करतो."

"नाही. खुर्चीला तो शब्द सहसा नाही लावत. खुर्ची तुम्ही दुरुस्त करता."

"सांगाडा तोच, वीण नवी. अजून काय पाहिजे?"

ती हसली. "गिऱ्हाइकाला पटवायची सवय दिसते. इंग्रजीला नाही पटणार."

पुढच्या गुरुवारी तो दाढी करून गेला. सासूबाईंनी दारातून पाहिलं. "अर्ज भरायला दाढी लागते का रे?"

"सरकारी कचेरी आहे, आई."

"अस्सं," सासूबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी तर दाढी न करताच गेला होतास."

त्या दिवशी अर्जवालीनं त्याला दिलेला गृहपाठ तपासला. रिन्यू कशाकशाला लावतात, त्याची यादी त्यानं आपल्या मनानं करून आणली होती. तिनं पेनानं खुणा केल्या. "वर्गणी, बरोबर. दुधाचा रतीब… चालेल म्हणा. 'घड्याळवाल्याशी भांडण'?"

"दर आठवड्याला चालू ठेवतो आम्ही."

"हे मात्र अगदी बरोबर," ती म्हणाली. "भांडण, मैत्री, ओळख, वचन, प्रयत्न… मधे थांबलेलं पुन्हा सुरू केलं तरी हाच शब्द. उत्साह, ताकद, ह्यांनाही चालतो."

त्यानं वहीचं पान उलटलं. जिन्यावरून कुणीतरी उतरलं. धूळ पडली.

"आणि माणसाला?"

"माणसाला नाही लावत," ती सावकाश म्हणाली. "माणसाशी असलेलं नातं रिन्यू करता येतं. माणूस नाही."

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि वहीत लिहून घेतलं. त्याला वाईट वाटलं नाही. उलट कुणीतरी स्पष्ट सांगितलं ह्याचं बरं वाटलं. तीन वर्षं सगळे त्याच्याशी शब्दांना कापूस गुंडाळल्यासारखं बोलत होते.

तिसऱ्या गुरुवारी तो वही विसरला, पण मोजपट्टी विसरला नाही. "उठा जरा," तो म्हणाला.

"का?"

"डुगडुगतं ते स्टूल. बघवत नाही मला. तुमच्या मापाची खुर्ची करतो." त्यानं टेबलाची उंची मोजली, मग जमिनीपासून तिच्या गुडघ्यापर्यंत, पण पट्टी हवेत धरून, हातभर अंतरावरून.

"लांबूनच मोजणार?" ती म्हणाली.

"अंदाज बरा आहे माझा."

"बघू, किती बरा आहे ते."

त्यानं माप चुकीचं लिहिलं, खोडलं, पुन्हा चुकीचं लिहिलं. ती भिंतीकडं बघून हसत होती. त्या दिवशी अर्जाच्या दोनच ओळी झाल्या.

तिच्याबद्दल त्याला हळूहळू कळत गेलं. आधी ती एका कंपनीत टायपिंग करायची. कंपनी बंद पडली तशी इथं येऊन बसली. लग्न जमत होतं तेव्हा वडील अंथरुणाला खिळले होते. वडील गेले तेव्हा जमवणारं कुणी उरलं नाही. हे तिनं दुसऱ्याच कुणाचा तरी अर्ज भरता भरता सांगितलं, जन्मतारीख सांगावी तसं.

चौथ्या गुरुवारी दुपारभर पाऊस होता, कचेरीत माणूस नव्हतं. तो नवी खुर्ची घेऊन आला, प्लॅस्टिकमधे गुंडाळून. स्वतः मात्र चिंब. ती खुर्चीवर बसली, पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"कशी आहे?"

"बोलू नका जरा," ती म्हणाली. मग डोळे न उघडताच, "इतकी घट्ट वीण कशी जमते?"

"ओलं असेतोवर विणायचं. मधे उठायचं नाही. उठलं की पट्टी वाळते." आणि मग, आपण हे सांगणार आहोत हे त्याला माहीत नसताना, त्यानं ते सांगितलं. घड्याळवाला दारात उभा होता, ओळ अर्धी होती, आणि त्यानं ती पूर्ण केली. "बायको गेली होती… आणि मी भोकं मोजत होतो."

ती डोळे उघडून ऐकत होती.

"वाळली असती पट्टी," ती म्हणाली.

"वाळू द्यायची होती."

तिनं खुर्चीच्या विणीवरून बोट फिरवलं. बाहेर पाणी वाहत होतं. "वडील पहाटे गेले," ती म्हणाली. "शेजारच्या काकांना बसवून मी इथं आले, फक्त तीन अर्ज द्यायचे होते म्हणून. माणसं रांगेत उभी होती. ते तीन भरून दिले, मग चौथाही भरला. चौथ्याला तर घाईही नव्हती." तिनं त्याच्याकडं रुमाल सरकवला. "केस पुसा. सर्दी होईल."

रुमाल त्यानं धुऊन परत करायचा म्हणून नेला. पाचव्या गुरुवारी तो विसरला, असं म्हणाला.

पाचव्या गुरुवारी अर्ज खरं तर पूर्ण झाला होता. त्याचं स्वतःचं अक्षर, जाड, जरा वाकडं, पण सगळं बरोबर. अर्जवालीनं तो दोनदा वाचला. मग एका ठिकाणी बोट ठेवलं. "ह्या अक्षराला शेपूट छोटी झालीय. पुन्हा लिहा सगळं."

"शेपटीसाठी परत पाठवतात?"

"पाठवूही शकतात."

कारकून खिडकीतून ऐकत होता. तो खोकला. "सतरा वर्षं झाली मला इथं," तो म्हणाला. "शेपटीसाठी एकही अर्ज परत नाही पाठवला."

अर्जवाली लाल झाली. "तुम्ही तुमची खिडकी बघा हो!"

खुर्चीवाल्यानं मुकाट्यानं कोरा अर्ज घेतला. त्यालाही घाई नव्हती. पण घरी जाताना तो रेंगाळत चालत होता. पुढचा गुरुवार शेवटचा. परवाना हातात पडला की जिन्याखाली जायला कारण उरणार नाही, आणि आता पुढचं कारण यायला तीन वर्षं. घरी सासूबाई पट्ट्या वेगळ्या करत बसल्या होत्या, एकट्या, पाय लांब करून. घरात दुसरी बायको आली तर ह्या कुठं जाणार… आपण असं काही बोललो तर ह्यांना काय वाटेल… त्यानं ते तिथंच सोडून दिलं. आठवडाभर सोडत राहिला आणि ते सुटत नव्हतं.

शेवटच्या गुरुवारी कारकुनानं शिक्का मारला. "तीन वर्षं," तो म्हणाला, आणि डोळ्यांनी जिन्याकडं खूण केली.

खुर्चीवाला टेबलापाशी येऊन उभा राहिला. बसला नाही.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"छान." तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं. "मग… आता काम संपलं तुमचं."

"हो. म्हणजे नाही. मला विचारायचं होतं की… तुम्ही मला…" तो अडकला. "मला इंग्रजीत विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. आपल्या भाषेत सगळं कळतं लगेच."

"विचारा तरी."

"मी काही तिच्या जागी कुणाला शोधत नाही. तुम्हीच म्हणालात, माणसाला ते लावत नाहीत. तिची जागा तिची. पण मला गुरुवार आवडायला लागलाय. आणि शुक्रवारी तुमची आठवण येते, शनिवारीही. लग्न करू या का आपण?"

ती हसली नाही. हात टेबलावर ठेवले, शाईची बोटं वर. "दाढी करून यायचात ते कळत होतं मला," ती म्हणाली. "हो. पण एक अट आहे."

"बोला."

"तुमच्या सासूबाई. एकटीनं म्हातारं माणूस सांभाळलंय मी, त्या वयात आपलं घर किती लागतं, ते मला माहिती आहे. त्या जायच्या असतील तर मी नाही येणार. त्या तिथंच राहणार, हे आधी त्यांना सांगा. तुम्ही. आजच."

त्यानं परवाना घडी करून खिशात ठेवला. मग त्यानं हात पुढं केला, आणि ह्या खेपेस मोजपट्टी नव्हती, अंतरही नव्हतं. तिच्या बोटाची थोडी शाई त्याच्या बोटाला लागली.

घरी गेला तेव्हा अजून उजेड होता. सासूबाईंसमोर जमिनीवर बसला आणि त्यानं सरळ सांगितलं, आडवळण न घेता. सासूबाईंचे हात थांबले.

"म्हणजे मला आता धाकट्या लेकाकडं जायला हवं," त्या म्हणाल्या. "चौथ्या मजल्यावर."

"नाही आई. तुम्ही इथंच. तुम्ही नसाल तर ती येणारच नाही म्हणते."

"तू शिकवलंस तिला असं बोलायला?"

"तिनंच सांगितलं. मला तर विचारायचीच भीती वाटत होती."

सासूबाई उगाच एक पट्टी उजेडात धरून बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "मुलगी माझी होती," त्या म्हणाल्या. "तुम्हाला एकट्यालाच दुःख झालं, असं समजू नका, जावईबापू."

"नाही समजत."

"शनिवारी जेवायला बोलव तिला. मला बघू दे. चहा येतो का तिला करायला?"

"विचारलं नाही."

"सहा गुरुवार काय करत होतास मग?" त्या म्हणाल्या, आणि नाक ओढून पुन्हा पट्ट्या वेगळ्या करायला लागल्या.

शनिवार झाला, जेवण झालं. दोघींनी मिळून त्याची बरीच चेष्टा केली. लग्न पुढच्या महिन्यात, कचेरीतच, नोंदणी पद्धतीनं, साक्षीला कारकून, घड्याळवाला आणि सासूबाई. सासूबाई बाहेरच्या खोलीत, ती दोघं आतल्या, हेही ठरलं. आतल्या खोलीच्या भिंतीवर बायकोचा फोटो आहे. तो तिथंच ठेवायचा, बाहेर सासूबाईंच्या खोलीत न्यायचा, की दुकानात, हे तिघांपैकी कुणीच अजून बोललेलं नाही. ते तेवढं ठरायचं राहिलं आहे.