दर सोमवारी तापणारी जीप

शुक्रवारी सकाळी जॅनेट फर्नांडिस कट्टा गावातल्या गॅरेजसमोर रिक्षातून उतरल्या, तेव्हा लवू मेस्त्रीने हात पुसून खुर्ची पुढे केली. तारकर्लीत पर्यटक पाहुण्यांना खोल्या देणारी बाई आपलं गॅरेज शोधत एवढ्या लांब आली, म्हणून त्याची छाती फुगली होती.

"लवू, तुझी ती बहीण खंय गावतली? रसिका?"

छाती होती तिथे परत गेली.

रसिका लवूची मावसबहीण. लहानपणी सुट्टीत ती याच गॅरेजमध्ये त्याला पाने काढून द्यायची. मग विमा कंपनीत दहा वर्षं अपघाताच्या गाड्या तपासल्या आणि आता मालवणात खासगी तपासाचं ऑफिस थाटलं. मागच्या वर्षी चोरीला गेलेलं होडीचं इंजिन तिने शोधून दिलं, पेपरात फोटो आला. त्या पेपराने लवूने ग्रीस पुसलं होतं.

"माका सांगा," लवू म्हणाला. "जीप मीच दुरुस्त केलंय मां?"

"म्हणान तर. तू दुरुस्त केलंस, आणि तरी तीन सोमवार झाले. पाहुण्यांका घेवन कुणकेश्वराक जाता आणि चढणीर उकळता. पाणी गायब. घराकडे उभी आसताना एक थेंब गळणा नाय. सुदेश पाणी बघणा नाय, असा बेनेडिक्टाचा म्हणणा. उद्या सांजेक तेका कामावरून काढतलंय. पण माझ्या मनाक पटणा नाय. इंजिन जाळणारो ड्रायव्हर असा नाव झाला, तर किनाऱ्यार तेका कोण गाडी देतलो?"

"हेड गॅस्केट गेला आसतला. इंजिन खोलूक व्हया."

"रसिकाक फोन लाव," जॅनेटबाय म्हणाल्या.

लवूने लावला. दुसरं करणार काय?

दुपारी तिघं तारकर्लीला पोचली. कुत्र्याने आधी लवूचा, मग रसिकाचा समाचार घेतला. जॅनेटबायनी त्याला बांधलं, तेव्हा कुठे फाटक ओलांडता आलं.

व्हरांड्यात जॅनेटबायचे नवरे बेनेडिक्टबाब बसले होते. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा दिला आणि गाडी सुटली, नाहीतर बत्तीस वर्षं ही जीप त्यांच्याच हातात. फरशीवर काठी सरकू नये म्हणून तिच्या टोकाला काळ्या रबरी पाइपचा तुकडा चढवून पत्र्याच्या पट्टीने आवळला होता.

रसिकाने बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण फिरवून आत पाहिलं, परत लावलं. बोटं लाल झाली होती. तिने रुमालाला पुसली.

"गंज," लवू म्हणाला. "जुनी गाडी."

तिने ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल काळं, स्वच्छ. गाडी चालू करून सायलेन्सरच्या मागे उभी राहिली. पांढरा धूर नाही.

"गॅस्केट गेलं असतं, तर पाणी मिसळून ऑइल दुधाळ झालं असतं." कामाचं बोलताना ती पोस्टातल्या बाईसारखी शुद्ध मराठीत शिरायची. लवूला त्याचाही राग यायचा.

पण त्याच्याकडे हुकमाचा एक्का होता. त्याने पिशवीतून प्रेशरचा पंप काढला, झाकण उतरवून रेडिएटरच्या तोंडावर बसवला, हवा भरली. अर्धा तास काटा जागचा हलला नाही.

"बघ. खंयच गळणा नाय. म्हणजे ड्रायव्हर पाणी घालणा नाय, सोपा आसा."

"पंप कुठे बसवलास?"

"रेडिएटरच्या तोंडार. आणि खंय बसवतलंय, तुझ्या डोक्यार?"

"बरं," ती म्हणाली. हे तिचं 'बरं' लवूला आयुष्यात कधी मानवलं नव्हतं.

सुदेश पस्तिशीचा, काटकुळा. उद्या आपली गच्छंती आहे, हे त्याला ठाऊक होतं. उत्तरं तो जमिनीकडे बघून देत होता.

"गाडी दुरुस्त झाली तेवा मी नव्हतंय. नाताळानंतर आठ दिवस गावाक जत्रेक गेल्लंय. काय बदलला, ता माका कोणी सांगूक नाय. रोज सकाळी झाकण उघडून पाणी बघतंय, बेनेडिक्टबाबांका विचारतंय, मगे गाडी काढतंय."

"गाडीची काळजी घेतोस?"

"दसऱ्याक पूजा करतंय. बॉनेट, बॅटरी, रेडिएटरचा झाकण, सगळ्याक तेलातला कुंकू. नारळ बाबच देतत."

"अधेमधे कधी लावतोस?"

"नाय. वर्सातून एकदाच."

फाटकाबाहेर, भाड्याने गाडी चालवणाऱ्या कौस्तुभची नवी पांढरी गाडी उभी होती. जीप उकळली की पाहुणे त्याच्याकडे जात. लवूचा संशय तिथेच घुटमळत होता.

"माझो फायदो झालो, नाय कशाक म्हणू?" कौस्तुभ हसला. "पण तेंचो कुत्रो माका फाटकाच्या आत घेणा नाय. ह्या बघा." त्याने पँटचं ठिगळ दाखवलं.

शेवटी बेनेडिक्टबाब. "बत्तीस वर्सांत एकदाव उकळूक नाय," ते म्हणाले. "गाडयेक हात व्हयो."

इतक्यात आतून जॅनेटबायची हाक आली, "सुदेश, जेवूक ये. बांगडो गरम आसा." टेबलावर पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही होती. लवूने चाळली. पानोपानी सुदेशभाऊ. सुदेशभाऊंनी डॉल्फिन दाखवले, सुदेशभाऊंसारखा ड्रायव्हर नाही. लवूने मान वर केली. बेनेडिक्टबाब स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. ते बघणं लवूच्या ओळखीचं होतं, पण कुठलं ते त्याला चटकन आठवेना.

"लवूदादा," रसिकाने विचारलं, "नाताळानंतर काय काय बदललंस?"

"वरचो पाइप, तेची पट्टी, झाकण. झाकणाची स्प्रिंग मेल्ली. ह्या झाकणार गाडी चढणीर उकळतली, असा दाखवून सांगलंय."

"जुनं सामान?"

"भंगारात टाकणय नाय मी. आमची रीत आसा, जुना सामान मालकाच्या हातात, पिशवीत भरून. नायतर गिऱ्हाईक म्हणता, बदललाच नाय."

"बरं," रसिका म्हणाली.

चारच्या चहाला तिने सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं. कौस्तुभ फाटकाबाहेरूनच ऐकत उभा राहिला.

"रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे," रसिका म्हणाली. "त्याची स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते. दाब असला की पाणी लवकर उकळत नाही. स्प्रिंग मेली, तर जवळपासच्या फेऱ्यांना काही होत नाही, पण कुणकेश्वराच्या चढणीला पाणी उकळतं आणि बाजूच्या नळीतून रस्त्यावर उडून जातं. घरी उभ्या गाडीखाली थेंब दिसणार कसा?"

"झाकण मी नवीन बसवलंय," लवू म्हणाला. "आणि पंपान तपासलंय."

"पंप तू झाकणाच्या जागी बसवलास, दादा. सगळं तपासलं गेलं, एक झाकण सोडून."

लवूने पंप पिशवीत कोंबला. तीस वर्षांचा धंदा आणि ही कालची पोर! त्याहून वाईट म्हणजे तिचं खरं होतं.

तिने रुमाल उलगडला. "हा गंज नाही. हे तेलातलं कुंकू आहे. सुदेश ते दसऱ्याला लावतो, वर्षातून एकदा. तू नवं झाकण नाताळानंतर बसवलंस. मग त्यावर दसऱ्याचं कुंकू आलं कुठून? जा, काढून बघ."

लवू गेला. झाकण काढून अंगठ्याने स्प्रिंग दाबली. ती दबली ती दबलीच. खाचांत लाल थर होता. झाकण जुनंच होतं, त्यानेच काढून दिलेलं.

"मग सुदेशान बदलला?" जॅनेटबायनी विचारलं.

"नवं झाकण आलं, हेच त्याला माहीत नव्हतं. तो जत्रेहून आला, तेव्हा ओळखीचं झाकण जागेवर होतं. बाहेरच्याला कुत्रा आत सोडत नाही. राहिला प्रश्न, जुन्या सामानाची पिशवी कोणाकडे होती?" रसिका काठीकडे बघत होती. "त्या पिशवीतला पाइप आणि पट्टी या काठीला आहे. झाकणही त्याच पिशवीत होतं."

बेनेडिक्टबाबनी काठी पायांमागे ओढली.

"एवढंच मला कळलं," रसिका म्हणाली. "स्वतःची गाडी माणूस स्वतः का तापवेल, ते कळलं नाही."

"माका कळला," लवू म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. आता मागे फिरता येत नव्हतं.

"बाब, दिवसभर घरात एकच नाव. पाहुण्यांच्या वयेत तेचा नाव, गरम बांगडो तेका. आपण जल्मभर केला ता काम दुसरो करता, आणि बरा करता. वायट करतो तर झोप तरी लागती. बरा करता, ता सोसणा नाय."

"तुका कसा कळला?" बेनेडिक्टबाबनी हळूच विचारलं.

लवूने रसिकाकडे पाहिलं नाही. "कळता," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने खिशात हात घालून नवं झाकण काढलं. "माका वाटला, दोनदा उकळली की जॅनेट म्हणतली, बेनेडिक्टाच्या हातात गाडी बरी होती. एकदा तरी म्हणतली."

"आणि पाणी बघणा नाय म्हणान सांगलंस, ता?" जॅनेटबायचा आवाज चिरकला. "तेच्या पोटार पाय आणलोस तू. आणि माझ्या हातान."

बेनेडिक्टबाबनी झाकण पुढे केलं.

सुदेश पुढे आला. पहिल्यांदाच त्याने मान वर केली. "रोज सकाळी तुमका विचारी, बाब. सगळा बरोबर आसा मां? तुम्ही होय म्हणान मान हलवित होतात."

त्याने त्यांच्या हातातलं नवं झाकण घेतलं, सदऱ्याला पुसलं, जीपकडे जाऊन घट्ट बसवलं. मग लवूकडचं जुनं झाकण घेऊन व्हरांड्यात आला आणि ते बेनेडिक्टबाबच्या तळहातावर ठेवलं.

"जुना सामान मालकाच्या हातात," तो म्हणाला. "सोमवारी सातांक गाडी काढतलंय. तुमका येवचा आसात तर फुडच्या सीटीर बसा. पाणी दोघांनी बघूया."

बेनेडिक्टबाबनी झाकण मुठीत धरलं. लाल झालेली बोटं ते कितीतरी वेळ बघत राहिले.

संध्याकाळी कट्ट्याच्या हॉटेलात चहावाल्याने विचारलंच, "काय मेस्त्री, तारकर्लेच्या जीपीचो दोष गावलो? कोणी काढलो?"

लवूने चहाचा घोट घेतला.

"रसिकान," तो म्हणाला. आणि मग राहवेना म्हणून, "पण कशाक, ता मी सांगलंय."