साक्षीखंड

घटस्फोटानंतर मूल कुणाकडे राहणार हे आता न्यायाधीश ठरवत नसत, रक्त ठरवत असे. आणि मृण्मयीच्या अहवालावर शून्य होतं.

"सहा वर्षं जाईची वेणी मी घालतेय," ती म्हणाली. "तिच्या बापाला रबर कुठे ठेवलेत ते माहीत नाही. आणि माया माझी शून्य?"

बालताबा केंद्राचे डॉ. हिरवे माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्या हाती फक्त नियम होता.

"ताई, मायेचं हार्मोन शरीर थेट बनवत नाही. आधी एक लांबलचक प्रथिन तयार होतं, मग ते कापलं जातं. एक तुकडा म्हणजे हार्मोन. उरलेला रक्तात फिरतो, तो साक्षीखंड. घरी कपडे बेतले की चिंध्या पडतातच. तयार कपडे आणले, तर चिंधी कुठून सापडणार?"

तयार कपडे म्हणजे मायाफवारा, त्याच हार्मोनचा. जाईच्या बारशाला मृण्मयीच्या ओटीत नारळाबरोबर त्याची बाटली आली होती; हल्ली सगळ्याच बाळंतिणींच्या ओटीत घालतात. तेव्हापासून रोज नाकात दोन फवारे. आज तपासणी, कमी पडायला नको म्हणून वेडीने चार मारले होते.

"आयतं मिळालं की शरीर ऐतोबा होतं," डॉक्टर म्हणाले. "चाळीस दिवस फवारा बंद ठेवा. ग्रंथी जागी झाली तर खंड दिसेल."

"नाही झाली तर?"

"तर जाई वडिलांकडे. त्यांच्या रक्तात खंड दिसलाय."

मृण्मयीने बाटली पर्सच्या तळाशी टाकली. वेणी, डबा, गृहपाठ सगळं चालू राहिलं, पण सवयीने. तिसाव्या दिवशी जाई पडली, गुडघा फुटला. जखम धुताना मृण्मयीला आठवलं, आमटीला फोडणी द्यायची राहिलीय. आपलं मन जखमेवर नाही हे लक्षात आल्यावर ती घाबरली, पण तेही जेमतेमच.

दुसऱ्या तपासणीतही शून्य आलं. नियमाप्रमाणे जाईचंही रक्त घेतलं होतं. तिचा साक्षीखंड भरपूर होता.

केंद्राच्या फाटकाशी बापाची गाडी उभी होती. जाईने आईचा पदर सोडला नाही.

"आई, तू रडत का नाहीस?"

"डबा दप्तरात आहे," मृण्मयी म्हणाली.

गाडी गेली. तिला काहीच वाटलं नाही. आता घरी जाऊन ती पोटभर जेवली असती, शांत झोपली असती. तपासणी संपली होती, त्यामुळे फवाऱ्यालाही मनाई उरली नव्हती.

तिने पर्समधून बाटली काढली. नाकात दोन फवारे मारले, मग आणखी दोन. आणि फाटकाजवळच्या बाकावर बसून ती दुखायला लागण्याची वाट पाहू लागली.