हळदीकुंकवाची साक्ष

शेवंताक्का धनवडे डोंगरावर बडबडत फिरत आणि त्यांच्या गळ्यातला साक्षीमणी ते सारं टिपून घेई. फोटो कुणीही घरबसल्या बनवू लागल्यापासून पुरावा म्हणून त्याला कुणी विचारत नव्हतं. आता जिवंत माणसाने पाहावं, नाव उच्चारावं आणि मण्याने गळ्यातली थरथर मोजून बोलणाऱ्याची खात्री पडताळावी, असा कायदा होता.

चैत्रातल्या त्या दुपारी वनरक्षक प्रमिला कांबळे मण्याची यादी बघून मटकन खालीच बसली. पाच वाजेपर्यंत चाळीस जाती नोंदल्या नाहीत, तर चिवारीचा डोंगर खाणीला जाणार होता. फुलपाखरं पंचवीस, कोळी चौदा. एक कमी!

"अक्का, हळदीकुंकू फुलपाखरू कुठंय यादीत?"

"आगं, फागुनापास्नं रोज सांगतोय की मण्याला!"

प्रमिलाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मणी भारी सभ्य. बायकांच्या घरगुती गप्पा तो जागच्या जागी पुसून टाकी. अक्कांनी हळदीकुंकू म्हटलं, की या शहाण्याला वाण लुटणाऱ्या बायकाच दिसत असणार. तक्रारीला उत्तर यायला पंधरा दिवस लागत, आणि वनखात्याच्या माणसाची साक्ष चालत नसे.

दोघी धापा टाकत बांडगूळ माजलेल्या आंब्याखाली गेल्या. हे फुलपाखरू अंडी घालतं ते बांडगुळावरच. वाटेत प्रमिलाने अक्कांकडून त्याचं इंग्रजी नाव घोकून घेतलं, "जेझिबेल म्हणायचं, अक्का. जेझिबेल."

पाचला चार मिनिटं असताना ते आलं. उंच फांदीवर टेकून त्याने पंख मिटले. पिवळ्याधमक पंखांच्या काठाला लाल ठिपके.

"हळदीकुंकू!" अक्का हरखून ओरडल्या. जन्माची सवय ती.

"घरगुती संभाषण वगळले," मणी म्हणाला.

"नाव, अक्का! ते दुसरं नाव!" प्रमिलाचा आवाज चिरकला.

"जे... जेजीबेल," अक्का चाचरल्या. ते फुलपाखरू त्यांच्या ओळखीचं होतं, पण हे नाव कुणा परक्याचं होतं.

"साक्षीदाराला खात्री नाही."

"पुन्हा म्हणा!"

अक्का पुन्हा म्हणाल्या, मग आणखी एकदा, आणि दर वेळी आवाज जास्तच कापत गेला. मण्याचं उत्तर मात्र बदललं नाही. पाच वाजले, मुदत संपली आणि मणी विझला. प्रमिला झाडाला टेकून लहान मुलीसारखी रडू लागली.

फुलपाखरू अजून तिथेच होतं. पोट वाकवून बांडगुळाच्या पानावर ते एकेक अंडं ठेवत होतं. अक्का कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"पोरी," त्या हलकेच म्हणाल्या, "ह्ये हाय का न्हाई, ह्ये आता कुणाला इचारायचं गं?"