आईच्या मणक्यातलं अस्थिकलम

औषध रक्तातून अंगभर फिरतं, मग आईच्या मणक्यातले जंतू मरत का नव्हते? कित्येक आठवडे सलाइन चालू होतं, तरी ताप उतरेना. ऋजुताला हे कोडं काही केल्या सुटेना.

"कारण तिथवर रक्तच पोचत नाहीये," सुनंदाआत्या म्हणाली. आत्या हाडांची शास्त्रज्ञ. तिच्या प्रयोगशाळेतलं यंत्र रुग्णाचा मणका तपासून अगदी त्याच मापाचं हाड छापायचं. पडद्यावर तिने आईचा मणका दाखवला. "हा भाग कुजून मेलाय. आतल्या रक्तवाहिन्याही गेल्या. ज्या वाडीचे नळच फुटलेत, तिथे टाकी भरून काय उपयोग?"

"मग?"

"कुजलेलं काढायचं आणि हे बसवायचं." आत्याच्या चिमट्यात स्पंजासारखा पांढरा तुकडा होता. "हे अस्थिकलम (हाडाच्या जागी बसवायचा तुकडा). याच्या छिद्रांत प्रतिजैविक (जंतू मारणारं औषध) भरलंय. ते हळूहळू पाझरतं. सगळ्या अंगाला जेवढं सोसणार नाही, तेवढं औषध नेमकं तिथेच मिळतं. मग वहिनीच्याच हाडाच्या पेशी या छिद्रांत शिरून नवं हाड घडवतील."

तसंच झालं. ताप उतरला, हाड जुळून आलं. पण आजारात लुळे पडलेले आईचे पाय हलले नाहीत. मणक्यात साचलेल्या पुवाने मज्जारज्जू (पाठीच्या कण्यातली चेतातंतूंची दोरी) फार काळ दाबून धरला होता.

"आई लवकर आली असती तर?" ऋजुताने विचारलं.

आत्याने आधी आपल्या भावाकडे, ऋजुताच्या बाबांकडे पाहिलं. "चालत घरी गेली असती."

हिवाळाभर आई सांगत होती, पाठ दुखते, रात्री कणकण येते. बाबा दर वेळी म्हणायचे, "बायकांची कंबर दुखतेच."

आता ते चाकांची खुर्ची घेऊन उभे होते. आई शांतपणे म्हणाली, "पाठ अजिबात दुखत नाही हं आता." बाबांनी मान वर केली नाही.

"मज्जारज्जूसाठी नाही का असं कलम?" ऋजुताने आत्याला विचारलं.

"माणसांसाठी अजून नाही. आमचे काही उंदीर मात्र पुन्हा पाय टाकायला लागलेत. लंगडतात, पण चालतात."

"मला बघायचेत ते," ऋजुता म्हणाली आणि बाबांकडे न बघता तिने खुर्ची आपल्याकडे ओढून घेतली.